पाण्यातील कर्दळ : जातीची निवड, पाण्याची खोली आणि निगा

न्हाणीघराचे पाणी जेथे बाहेर पडते तेथे अळू, केळ आणि कर्दळ लावण्याची रीत गोवा-कोकणातील घरांना नवी नाही. सांडपाणी मुरावे, चिखल साचू नये, पूजेला चार फुले आणि प्रसादाला पान मिळावे, एवढाच त्यामागचा हिशेब असे. पुढे परस आक्रसले, न्हाणीघरे घरात आली, सांडपाणी नळातून शोषखड्ड्यात जाऊ लागले. कर्दळ मात्र गेली नाही. परसातील छोटे तळे, सिमेंटची टाकी, जुनी दगडी डोण, गच्चीवरील बिनछिद्राची कुंडी अशा ठिकाणी ती नव्याने दिसू लागली आहे. तेथे तिची दोन टोके आढळतात. एके ठिकाणी ती पुरुषभर उंच होऊन बारमाही फुलते. दुसऱ्या ठिकाणी लावलेला कंद महिन्याभरात काळा पडतो, पाण्याला दुर्गंधी सुटते आणि मागे उरतो तो डासांच्या अळ्यांनी भरलेला टब.

हा फरक बहुतांशी खोलीचा आहे. कर्दळ ओलावा मागते, चिखलात रमते. परंतु कंद पाण्याखाली बुडून राहणे तिच्या बहुतेक जातींना मानवत नाही. कंदाचा माथा पाण्याच्या पातळीच्या किती वर किंवा किती खाली आहे, यावर झाडाचे जगणे अवलंबून असते. खत, ऊन, औषध या गोष्टी त्यानंतर येतात.

मूळ आणि नाव

कर्दळीचे कुळ ‘कॅनेसी’ या नावाने ओळखले जाते आणि त्यात ‘कॅना’ ही एकच प्रजाती आहे. केळ, हळद, आले आणि आरारूट हे तिचे दूरचे नातलग. ‘कॅना इंडिका’ हे शास्त्रीय नाव लिनियसने 1753 मध्ये नोंदवले. त्यातील ‘इंडिका’ या शब्दामुळे ती भारतीय असल्याचा समज सर्वत्र आहे. वस्तुतः तिचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागात असून ‘इंडिका’चा रोख वेस्ट इंडीजकडे आहे. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेत पोहोचल्यानंतर ती जगभर पसरली आणि भारतात इतकी रुळली की आज अनेक ठिकाणी ओहोळांच्या काठी ती आपोआप उगवलेली दिसते.

मराठी नावाचीही एक गंमत आहे. जुन्या मराठीत ‘कर्दळी’ म्हणजे केळ. संस्कृत ‘कदली’शी त्याचे नाते उघड आहे. दत्तसंप्रदायातील कर्दळीवन हे केळीचे वन होय, आजच्या कर्दळीशी त्याचा संबंध नाही. परदेशातून आलेल्या या झाडाची पाने केळीसारखी, म्हणून केळीचेच एक नाव त्याच्याकडे गेले, असे मानणे सयुक्तिक ठरते.

फूल म्हणून जे रंगीत दिसते त्या कर्दळीच्या पाकळ्या नव्हेत. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद आणि दुर्लक्षित राहणाऱ्या असतात. मिरवणारा भाग रूपांतरित वांझ पुंकेसरांचा असतो आणि परागकण देणारा कोश एकच, तोही अर्धा. फुलाचे कोणत्याही रेषेवर दोन सारखे भाग होत नाहीत. फुलानंतर येणाऱ्या खरखरीत बोंडात गोल, काळे, छऱ्यासारखे कठीण बी असते. या बियांचा चिवटपणा थक्क करणारा आहे. अर्जेंटिनातील एका प्राचीन दफनात अक्रोडाच्या कवचात सापडलेले कर्दळीचे बी उगवले आणि किरणोत्सारी कार्बनच्या कसोटीवर त्याचे वय सुमारे 600 वर्षे ठरले.

झाड पाण्यात श्वास कसे घेते

मुळांना प्राणवायू लागतो. भुसभुशीत मातीत तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. त्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. गुलाब किंवा जास्वंद साचलेल्या पाण्यात मरते ते यामुळे. ते पाण्याने नव्हे, गुदमरून मरते.

पाणथळ जागेच्या वनस्पतींनी यावर स्वतःची वाट काढली आहे. त्यांच्या पानांच्या देठांत, खोडांत, कंदांत आणि मुळांत हवेच्या नलिका असतात. पानांवाटे आत आलेली हवा या नलिकांतून खाली मुळांपर्यंत पोहोचते. कर्दळीचे देठ आडवे कापले तर आतील पोकळ कप्पे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. मात्र कोरड्या मातीत वाढलेल्या कर्दळीची मुळे आणि पाण्यात वाढलेल्या कर्दळीची मुळे सारखी नसतात. पाण्यात गेल्यावर झाड जुनी मुळे सोडते आणि अधिक पोकळ, पांढरी, मऊ अशी नवी मुळे फोडते. या बदलाला दोन-तीन आठवडे लागतात. कुंडीतली कर्दळ उचलून थेट तळ्यात ठेवली की ती मलूल होते, खालची पाने पिवळी पडतात, याचे कारण हेच. झाड मेले असे समजून पुष्कळ जण ते या टप्प्यावर उपटून टाकतात.

याच रचनेतून एक व्यावहारिक नियम निघतो. फुलून गेलेला दांडा कापायचा तो नेहमी पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर, निदान चार बोटे उंच. सर्व दांडे पाण्याखाली कापले गेले तर हवेच्या नलिकांत पाणी शिरते, कंदाचा श्वास तुटतो आणि धडधाकट गड्डाही आठ-पंधरा दिवसांत कुजतो. छाटणी करून तळे ‘साफ’ केल्यानंतर कर्दळ पुन्हा न फुटण्यामागे बहुतेक वेळा हे कारण असते.

कोणती कर्दळ पाण्यासाठी

रोपवाटिकांत मिळणारी बहुतेक कर्दळ ही संकरित असते. संकराचा हा उद्योग एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झाला. थिओडोर आने याने 1840 च्या दशकात पानांसाठी उंच वाण काढले, पुढे लियाँच्या क्रोझी याने मोठ्या फुलांचे बुटके वाण आणले. त्या शतकाच्या अखेरीस इटलीत नेपल्सजवळ कार्ल श्प्रेंगर याने ‘कॅना फ्लॅसिडा’ ही दक्षिण-पूर्व अमेरिकेतील दलदलीची जात संकरात घेतली आणि ऑर्किडसारख्या पसरट, नाजूक फुलांचा गट तयार झाला. बागांतील लाल, शेंदरी, पिवळ्या ठिपक्यांच्या कर्दळी या सर्वांच्या मिश्रणातून आलेल्या आहेत. त्यांचा कंद जाड, आखूड आणि मांसल असतो. त्यांना चिखल चालतो, पण माथ्यावर पाणी चढलेले चालत नाही.

खऱ्या अर्थाने पाण्यातली म्हणावी अशी जात म्हणजे ‘कॅना ग्लाउका’. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील दलदली, तळ्यांचे काठ हे तिचे घर. पाने अरुंद, लांब, निळसर राखी छटेची आणि मेणचट. पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळतो. फूल फिकट पिवळे, सडपातळ. कंदही बारीक आणि लांब धावणारा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या लाँगवूड गार्डन्समध्ये रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी 1970 च्या दशकात या जातीचा संकर करून तळ्यासाठी खास वाण तयार केले. सॅमन मासळीच्या मांसासारखा गुलाबी ‘एरेबस’, लाल ‘एन्डेव्हर’, पिवळा ‘रा’ आणि नारिंगी ‘टेनी’ हे त्यातील चार. जगभर ‘वॉटर कॅना’ म्हणून जे विकले जाते त्याचा पाया हेच वाण आहेत.

आपल्याकडील बाजारात मात्र नावाच्या चिठ्ठीवर विसंबण्यात अर्थ नाही. एकाच झाडाला तीन ठिकाणी तीन नावे मिळतात आणि ‘वॉटर कॅना’ म्हणून साधी बागेतली कर्दळ हातात पडते. ओळख पानावरून आणि कंदावरून करावी. पान चांगले रुंद, गडद हिरवे किंवा तांबूस आणि कंद मुठीएवढा जाड असेल तर ती काठाची कर्दळ समजावी. पान तीन-चार बोटे रुंद, राखी-निळसर आणि कंद बोटाएवढा बारीक असेल तर ती पाण्यात उतरवता येते. परसात पिढ्यान्‌पिढ्या असलेली लहान लाल किंवा पिवळ्या फुलांची जुनी ‘कॅना इंडिका’ या दोहोंच्या मध्ये येते. फुलाला दिमाख कमी, पण सोसण्याची ताकद दांडगी. प्रथमच पाण्यात कर्दळ लावणाऱ्याने शेजारच्या परसातून याच जातीचा एक कंद मागून आणावा. तो फुकट मिळतो आणि लावणाऱ्याच्या चुका पोटात घालतो.

लागवड

कंद निवडताना त्यावर निदान दोन-तीन फुगीर डोळे आहेत, दाबल्यास तो टणक लागतो आणि कापलेली बाजू पांढरी आहे, हे पाहावे. कापलेला भाग दोन दिवस सावलीत वाळू द्यावा. ओली जखम घेऊन कंद चिखलात गेला की कूज तेथूनच सुरू होते.

माती जड हवी. गोव्यातील जांभ्याची तांबडी, खडेमिश्रित माती एकटी पुरत नाही. तिच्यात निम्मी चिकणमाती किंवा गोड्या पाण्याच्या भातशेतातील पोयटा मिसळावा. खाजन शेतातील माती मात्र टाळावी, कारण तिच्यातील क्षार कर्दळीला सोसत नाहीत. याच कारणाने समुद्रालगतच्या ज्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते, ते पाणी त्या काळात टबात घालू नये. रोपवाटिकेतील तयार मिश्रणही येथे निरुपयोगी ठरते. त्यातील नारळाचा भुसा पाण्यावर तरंगतो आणि कंपोस्ट कुजून उरलासुरला प्राणवायू संपवते. ताज्या शेणखताचेही तेच. कुंडी हलवल्यावर नासक्या अंड्यासारखा वास आला आणि माती शाईसारखी काळी दिसली, तर तळाशी हवेविना कुजण्याची क्रिया चालू आहे, असे समजावे. अशा वेळी खत घालणे हा उपाय नसून माती बदलणे हा आहे.

साधारण 30 सेंटीमीटर रुंदीची, तितकीच खोल कुंडी एका कंदाला पुरते. कंद आडवा, डोळे वर करून, चार-पाच सेंटीमीटर मातीखाली ठेवावा आणि माती पाण्यात विरघळून गढूळ होऊ नये म्हणून वर बोटभर जाड खडी पसरावी. येथपर्यंतचे काम सर्वांना जमते. घाई होते ती पुढे. कुंडी लगेच तळ्यात बुडवू नये. प्रथम ती पाण्याबाहेर, नुसती ओली ठेवावी. तीन-चार पाने पूर्ण उलगडली की तळ्यात विटा किंवा चिऱ्याचा तुकडा रचून त्यावर अशी ठेवावी की पाणी कुंडीच्या निम्म्यावर येईल. दहा-बारा दिवसांनी एक वीट काढावी. बागेतल्या संकरित वाणाला पाणी मातीच्या पृष्ठभागाच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली असतानाच थांबवावे. जुन्या ‘इंडिका’ला पाणी खडीला टेकलेले चालते. ‘ग्लाउका’ आणि तिचे संकर माथ्यावर 10 ते 15 सेंटीमीटर पाणी सहज सोसतात.

ऊन निदान सहा तास लागते. माडाच्या सावलीत पाने भरघोस येतात, फूल मात्र येत नाही.

खत पाण्यात टाकायचे नसते, हे सांगावे लागते, कारण बहुतेक जण तेच करतात. पाण्यात विरघळलेले खत कर्दळीआधी शेवाळ खाते आणि तळे हिरवे होते. भातशेतीत युरिया मातीच्या गोळ्यांत घालून चिखलात खोचण्याची जुनी पद्धत आहे, तीच येथे वापरावी. चिकणमातीच्या लिंबाएवढ्या गोळ्यात चमचाभर मिश्रखत किंवा हाडांचा चुरा घालून गोळा सावलीत सुकवावा आणि कंदापासून चार बोटे दूर, मातीत आत दाबावा. दर दीड-दोन महिन्यांनी एक गोळा पुरे.

पाऊस आणि उन्हाळा

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. परदेशी पुस्तकांतील खोलीचे आकडे येथे लागू करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. मे महिन्यात मोजून ठेवलेली पातळी जुलैच्या एका रात्रीत 10 सेंटीमीटरने चढते. म्हणून टबाला किंवा टाकीला ठरलेल्या उंचीवर वाहून जाण्याचे छिद्र पाडणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे. छिद्राला बारीक जाळी लावावी, म्हणजे मासे असतील तर ते वाहून जात नाहीत. तळे मोठे असेल आणि छिद्र पाडणे शक्य नसेल, तर पावसाळ्यापुरती कुंडीखाली एक वीट वाढवावी.

लागवडीला मे महिन्याचा मध्य योग्य. मृगाच्या सरी जोर धरेपर्यंत कंदाला तीन-चार पाने आलेली असतात. जुलैमध्ये लावलेला कंद पाने येण्याआधीच बुडतो. ज्यांची वेळ हुकली त्यांनी चतुर्थीपर्यंत थांबावे. उंच वाण वाऱ्याने कुंडीसकट आडवे होतात, त्यांच्या कुंडीत तळाशी दोन दगड घालून वजन वाढवावे. पाने फाटतात, त्याला इलाज नाही, आणि फाटल्याने झाडाचे काही बिघडतही नाही.

उन्हाळ्यात उलट चित्र असते. उघड्या पाण्याची पातळी दिवसाला अर्धा सेंटीमीटर किंवा थोडी अधिक उतरते, आणि मोठ्या पानांची कर्दळ स्वतः जे पाणी पिते ते वेगळे. लहान टबात आठवड्यात माती उघडी पडू शकते. कर्दळ त्याने मरत नाही. पण पाण्यात वाढलेली तिची मऊ मुळे सुकतात आणि झाड पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. नळाचे पाणी घालायचे असेल आणि टबात मासे असतील, तर ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घालावे.

डासांचा प्रश्न

पाण्यातील कर्दळीबद्दलची खरी हरकत ही आहे, आणि ती रास्त आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ, साठलेल्या, लहान भांड्यातील पाणीच शोधतो. अंड्यापासून उडता डास होण्यास उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळे टब नुसता रिता करून पुन्हा भरणे व्यर्थ ठरते; भिंत घासावी लागते. पणजीने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मलेरियाचा उद्रेकही पाहिला आहे. विहिरी, गच्चीवरील टाक्या आणि बांधकामावरील साठवण यांत वाढणारा अॅनोफिलिस स्टीफन्साय हा तेथील मुख्य वाहक होता. शोभेचा टब हा डासाच्या दृष्टीने या साठ्यांहून निराळा नसतो.

पहिला उपाय म्हणजे उघडे पाणीच न ठेवणे. कर्दळीला पाण्याचा आरसा लागत नाही, ओली मुळे लागतात. टबात माती भरल्यावर वर आठ-दहा सेंटीमीटर जाड खडीचा थर द्यावा आणि पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन बोटे राखावी. वाहून जाण्याचे छिद्र त्याच उंचीवर असावे. पाणी दिसत नाही, डासाला अंडी घालण्यास पृष्ठभाग मिळत नाही आणि कर्दळ तक्रार करत नाही. सदनिकांच्या सज्जांत आणि गच्चीवर तर याच पद्धतीचा आग्रह धरावा. पाणी किती उरले ते पाहण्यासाठी कोपऱ्यात नळीचा एक उभा तुकडा खोचून ठेवावा आणि त्याचे तोंड झाकावे.

उघडे तळे हवेच असेल तर मासे ठेवावेत. गप्पी सहज मिळतात. पणजीत मलेरियाविरुद्ध जे प्रयोग झाले त्यांत ‘अॅप्लोकायलस ब्लॉकी’ हा येथलाच बोटाच्या पेराएवढा मासा आणि ‘बीटीआय’ हा अळ्या मारणारा जिवाणू, असे दोन्ही वापरले गेले. स्थानिक मासा मिळाला तर तो केव्हाही बरा. इटलीतून 1928 मध्ये भारतात आणलेला गँबुझिया अळ्या खातो हे खरे, पण बेडकांची पिल्ले आणि स्थानिक माशांची अंडीही तो सोडत नाही. गप्पी असो वा गँबुझिया, तो घरच्या तळ्यातून व्हाळात जाता कामा नये.

पाण्यावर घासलेट किंवा जळके तेल ओतण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी टिकून आहे. कर्दळ असलेल्या पाण्यात ते करू नये. मासे मरतात आणि तेलाचा थर देठांना चिकटून कोवळे कोंब जळतात. पावसाळ्यात कर्दळीच्या पानांच्या बगलेतही पाणी साठते. उघडीप मिळाली की दांडा हलवून ते सांडून टाकावे.

सांडपाण्यावरील कर्दळ

आजीच्या काळातील न्हाणीमागचा ताटवा हा काही अडाणी उपाय नव्हता. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ या सांडपाणी शुद्धीकरण पद्धतीत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींमध्ये कर्दळीचाही समावेश आहे. खडीने भरलेल्या हौदांतून पाणी सावकाश, खडीच्या पृष्ठभागाखालून वाहते. मुळांभोवतीचे जिवाणू त्यातील घाण खातात आणि झाड नत्र व स्फुरद उचलते. पाणी वर येत नाही म्हणून वास आणि डास दोन्ही आटोक्यात राहतात. वर सांगितलेला खडीचा टब हे त्याचेच घरगुती रूप आहे.

घरी हे करायचे असल्यास फक्त अंघोळीचे पाणी घ्यावे. कपडे धुण्याच्या यंत्रातील डिटर्जंट आणि स्वयंपाकघरातील तेलकट पाणी खडीत अडकून ती बुजवते. दांडे वेळोवेळी कापून बाहेर काढणे येथे अनिवार्य असते, कारण झाडाने उचललेले नत्र पानांतच असते आणि पान तेथेच कुजले की ते पुन्हा पाण्यात उतरते.

रोग आणि कीड

पाने पिवळी पडण्याची कारणे निरनिराळी असतात आणि उपायही परस्परविरोधी, त्यामुळे आधी पान नीट पाहावे. तळाची जुनी पाने एकेक करून पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. मातीचा गोळा दाबावा. वरचे नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची उणीव आहे. पानावर शिरांच्या दिशेने पिवळे, तुटक पट्टे उमटले, पान आखडले आणि फुलाचा रंगही चट्ट्याचट्ट्यांचा झाला, तर तो विषाणू समजावा. त्यावर औषध नाही. मावा आणि कंद कापण्याची सुरी ही त्याच्या प्रसाराची दोन साधने. असे झाड कंदासकट काढून जाळावे, सुरी उकळत्या पाण्यातून काढावी आणि त्या गड्ड्याचा एकही तुकडा कोणाला देऊ नये. बाजारातील कर्दळीत हा रोग सर्रास आढळतो. ‘चट्ट्यापट्ट्यांचे पान’ म्हणून तो शोभेच्या नावाखाली विकलाही जातो. खऱ्या पट्टेरी वाणाचे पट्टे सलग आणि प्रत्येक पानावर सारखे असतात, रोगाचे तसे नसतात.

पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी भुकटीचे पुटकुळे येतात तो तांबेरा. पहिली दोन-तीन पाने दिसताच कापून टाकली तर तो आवरतो. तांब्याचे बुरशीनाशक पाण्यावर फवारू नये, माशांना ते विष आहे. पाने विडीसारखी गुंडाळलेली दिसली तर आत अळी असते. पान उलगडून ती काढणे हेच पुरे. मोठी आफ्रिकन गोगलगाय रात्रीत कोवळे कोंब फस्त करते. तिच्यावर मीठ टाकण्याचा उपाय तळ्याकाठी करू नये, कारण ते मीठ शेवटी कर्दळीच्या मुळांशीच पोहोचते. रात्री बॅटरी घेऊन, हातमोजे घालून ती वेचावी.

गड्डा फोडणे, बी आणि उरलेले कंद

दीड-दोन वर्षांत कंद कुंडी भरून टाकतात. प्लास्टिकची कुंडी फुगते, मातीची तडकते. फुले लहान आणि विरळ येऊ लागली की गड्डा काढण्याची वेळ झाली. एप्रिल हा त्यासाठी उत्तम महिना. गड्डा धुऊन, डोळे पाहून, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राहतील असे भाग करावेत आणि मधला जुना, काळपट भाग टाकून द्यावा. गोव्यात थंडी सौम्य असल्याने युरोपात करतात तसे कंद हिवाळ्यात उचलून घरात ठेवण्याचे कारण पडत नाही.

बियांपासून रोप करणे सोपे आहे, फक्त कवच फोडावे लागते. बियांची एक बाजू पांढरा गर दिसेपर्यंत कानशीने घासावी, एक दिवस कोमट पाण्यात भिजत ठेवावी आणि ओल्या मातीत पेरावी. आठ-पंधरा दिवसांत कोंब येतो. संकरित वाणाचे बी मात्र आईसारखे निघत नाही.

गड्डा फोडल्यावर गरजेपेक्षा पाचपट कंद हाती येतात, आणि ते व्हाळात किंवा रस्त्याकडेच्या ओहोळात भिरकावण्याचा मोह होतो. ‘कॅना इंडिका’ पाण्याकाठी आपोआप पसरते, याचा उल्लेख वर आलाच आहे. जगाच्या अनेक भागांत तिची गणना उपद्रवी वनस्पतींत होते. जलपर्णीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या हौसेपोटीच भारतात आली होती. कुडचड्याचे नंदा तळे 2022 मध्ये रामसर यादीत गेले, करमळीचे तळे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गोड्या पाणथळींच्या काठी एक फेकलेला कंदही रुजू शकतो. नको असलेले कंद बारीक चिरून सिमेंटच्या जमिनीवर आठवडाभर कडक उन्हात वाळवावेत आणि मगच खतखड्ड्यात घालावेत. फुलून गेलेले दांडे बोंडे काळी पडण्याआधी छाटावेत. पावसाळ्यात ऊन मिळत नसेल, तर चिरलेले कंद काळ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावेत. ऑक्टोबरचे ऊन येईपर्यंत त्यांचा लगदा झालेला असतो.